१९६६ ची सहा सिलिंडरवाली मस्टँग: व्ही-८ टाकावं की आहे तेच नीट करावं?

वूडवर्डचा_वाटसरू

मंडळी, नमस्कार.

इथे बुलेट, जावा, लँब्रेटावर धाग्यांचा पाऊस आहे. जुन्या फोर्डवर एकही दिसेना, म्हणून हा उद्योग. धागा माझ्या गाडीपुरता ठेवायचा नाही. तुमच्याकडे कुठलीही जुनी फोर्ड असेल, कधीकाळी होती, किंवा आजोबांच्या फोटोत मागे उभी असेल, तर तिच्याबद्दलही लिहा.

मी मिशिगनमध्ये राहतो, डिअरबॉर्नपासून अर्ध्या तासावर. गेल्या वर्षी एका निवृत्त जोडप्याकडून १९६६ ची मस्टँग घेतली. दोन दारांची हार्डटॉप, २०० घन इंच म्हणजे ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, हाताने टाकायचे तीन गिअर. नंबराची सुरुवात ६एफ०७टी. ६ म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप आणि टी म्हणजे हे इंजिन. जुनी मस्टँग बघायला जाणाऱ्याने रंग-क्रोम नंतर बघावं, आधी हे पाचवं अक्षर बघावं. सी असेल तर २८९ चं व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, २०० अश्वशक्ती. ए असेल तर चार बॅरल, २२५. के असेल तर २७१ अश्वशक्तीची हाय-पो (हाय परफॉर्मन्स), आणि तिची किंमत ऐकून खाली बसावं लागतं. टी नंबराच्या बॉडीत व्ही-८ बसवून "ओरिजिनल व्ही-८" म्हणून खपवलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. १९६७ पासून पुढच्या गाड्यांचा, फोर्डच्याच नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो. १९६५-६६ ला ती सोय नाही. नंबर आणि दारावरची पट्टी, यावरच काय ते समजून घ्यायचं.

आता पत्र्याचं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि खारी ओल लोखंडाचं काय करते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण या गाडीचं खरं दुखणं मिठाचं नाही, काउलचं आहे. समोरच्या काचेखाली जाळी असते, तिच्यातून केबिनमध्ये हवा येते. पाऊसही तिथूनच शिरतो. पाणी आत न पडता बाजूने निघून जावं म्हणून आत पत्र्याची दोन उभी नळकांडी दिलेली आहेत. त्यांच्या बुडाशी पालापाचोळा साठतो, ओल धरते, पत्रा सडतो आणि मग पाऊस थेट चालवणाऱ्याच्या बुटात. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. तपासायची पद्धत सोपी: जाळीवर होसने पाणी सोडायचं आणि कोणाला तरी टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली आडवं करायचं. मी हे काम मुलाला दिलं. तो भिजला.

दुरुस्ती मात्र सोपी नाही. वरचा आणि खालचा पत्रा स्पॉट वेल्डच्या टाक्यांनी जोडलेला असतो. दोन्ही फेंडर उतरवा, एकेक टाका ड्रिलने उघडा, वरचा पत्रा उचला, खालचा बदला, परत जोडा. प्लास्टिकच्या वाट्या चिकटवून तात्पुरतं भागवणारेही आहेत. मी पूर्ण केलं, कारण त्याच पाण्याने पुढचा फ्लोअर पॅनही गेला होता. फ्लोअर आधी बदलून काउल तसाच ठेवला तर नवा पत्राही तसाच सडणार.

बॅटरीखालचा पत्रा, तिथली चॅसिस रेल आणि मागच्या क्वार्टर पॅनेलचा खालचा भाग हेही बघावं. एका ठिकाणी लोहचुंबक चिकटेचना. बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरलेली निघाली.

हे सगळं झालं. आता प्रश्न. भेटेल तो म्हणतो, "सहा सिलिंडर काढ, व्ही-८ टाक." माझं मत उलट आहे. उरलेलं बजेट मी ब्रेक, सीटचे पट्टे आणि वायरिंगवर घालावं म्हणतो. १९६६ पर्यंत मस्टँगला ब्रेक ऑइलचं एकच सर्किट होतं. एक होस फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन भागांचा मास्टर सिलिंडर १९६७ पासून आला. पट्टा फक्त कमरेचा. पेट्रोलच्या टाकीचं वरचं तोंड हाच डिकीचा तळ, म्हणजे मागून कोणी ठोकलं तर टाकी आणि मागची सीट यांच्यात पुठ्ठ्याखेरीज विशेष काही नाही. अशा गाडीत आणखी शंभर घोडे घालायची घाई कशाला?

पण एक अडचण आहे. पिकअप नाही. रेस दिली की अडखळते, खोकते, मग निघते. आधीच्या मालकाने कार्ब्युरेटर नवा टाकलाय. प्लग, पॉइंट, कंडेन्सर मी बदलले. फरक शून्य. कोणाला काही सुचतंय का?

व्ही८_विठ्ठल

सहा सिलिंडर? अहो, मस्टँग घेतलीत की शिवणयंत्र?

गंमत केली, रागावू नका. पण माझं ऐका. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मस्टँगमधलं ५ लिटरचं ३०२ आणि त्यामागचा टी-५ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स, ही जोडी तुमच्या गाडीत विनातक्रार बसते. ३०२ आणि २८९ एकाच घराण्यातले. सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. पाचव्या गिअरमध्ये हायवेवर इंजिन गुणगुणतं, शेजारी बसलेल्याशी बोलता येतं. तुमच्या तीन गिअरवर ७० मैलाला काय होतं ते मला माहीत आहे, मी बसलोय तशा गाडीत. आणि आवाज! व्ही-८ चा आवाज नसेल तर मस्टँग घ्यायचीच कशाला?

(मी ह्यूस्टनला. १९६५ ची फास्टबॅक, मूळ सी कोड, आता ३०२.)

मेलबर्नचा_मामा

विठ्ठलराव, "विनातक्रार बसते" हे इंजिनापुरतं खरं. बाकीचं सांगा ना त्यांना. सहा सिलिंडरच्या मस्टँगला चाकाला चार बोल्ट, व्ही-८ ला पाच. पुढचे स्पिंडल वेगळे, टाय रॉडचे एंड बारीक, स्प्रिंगा हलक्या, रेडिएटर लहान, मागचा डिफरन्शियल सव्वासात इंचाचा. त्या डिफरन्शियलला व्ही-८ चा टॉर्क दिला तर तो फार दिवस टिकत नाही. म्हणजे व्ही-८ टाकायचं तर पुढच्या चाकापासून मागच्या धुऱ्यापर्यंत सगळं बदलायचं. एवढ्या पैशात माणसाने आधीच व्ही-८ असलेली गाडी घ्यावी.

वाटसरू, तुमच्या दुखण्याकडे येतो. माझ्याकडे १९६५ ची एक्सपी फाल्कन आहे. ऑस्ट्रेलियन फाल्कन. तिच्यात तुमच्याच इंजिनाचं भावंड आहे, कारण तुमची मस्टँग पत्र्याखाली फाल्कनच. आता दोनच प्रश्नांची उत्तरं द्या: डिस्ट्रिब्युटर मूळचाच आहे का? आणि नवा कार्ब्युरेटर कुठला, मूळचा ऑटोलाइट ११०० की दुसराच?

वूडवर्डचा_वाटसरू

डिस्ट्रिब्युटर मूळचाच दिसतोय. कार्ब्युरेटर दुसरा, ऑटोलाइट नाही. एकच बॅरल आहे पण.

मेलबर्नचा_मामा

मग सापडलं.

तुमच्या इंजिनाला लोड-ओ-मॅटिक नावाचा डिस्ट्रिब्युटर आहे. साधारण डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरती वजनं असतात. आरपीएम वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकतं. लोड-ओ-मॅटिकमध्ये वजनंच नाहीत. तो सगळा कारभार व्हॅक्यूमवर करतो, आणि तोही साध्या व्हॅक्यूमवर नाही. ऑटोलाइट ११०० च्या पोटात स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह नावाची एक छोटी झडप असते. व्हेंच्युरीचा (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्याचा) आणि थ्रॉटलखालचा असे दोन दाब एकत्र करून ती डिस्ट्रिब्युटरला पाठवते. म्हणजे कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांचं लग्न लागलेलं आहे. एक बदलला की दुसरा निकामी. तुमच्या नव्या कार्ब्युरेटरला ती झडप नसणार. डिस्ट्रिब्युटरला चुकीचा निरोप जातो, टायमिंग पाहिजे तेव्हा पुढे येत नाही, गाडी खोकते. तुम्ही प्लग बदलत बसाल, पॉइंट बदलत बसाल, काही उपयोग नाही.

दोन वाटा आहेत. एक, झडपवाला ११०० शोधून नीट रीबिल्ड करून घ्या. दोन, आहे तो कार्ब्युरेटर ठेवा आणि १९६८ नंतरचा, वजनं आणि व्हॅक्यूम दोन्ही असलेला डिस्ट्रिब्युटर बसवा. मी दुसरी वाट घेतली. आत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं. बाहेरून कळतसुद्धा नाही. तेच टाकणार असाल तर इग्निशन स्विचकडून येणारी रेझिस्टन्स वायर तपासा. तिच्यामुळे कॉइलपाशी पूर्ण १२ व्होल्ट येत नाहीत. त्या इग्निशनला पूर्ण व्होल्टेज लागत असेल तर वेगळी वायर ओढा.

आणि शिवणयंत्र म्हणणाऱ्यांसाठी. १९६५ साली फोर्ड ऑस्ट्रेलियाने यू यँग्जच्या चाचणी ट्रॅकवर पाच एक्सपी फाल्कन रात्रंदिवस पळवल्या. सगळ्यांनी मिळून ७०,००० मैल, सरासरी ताशी ७० मैलांच्या वर, नऊ दिवसांत. त्याआधी "फाल्कन नाजूक आहे" अशी इथे ओरड होती, ती त्यानंतर थांबली. या २०० च्या क्रँकला सात मेन बेअरिंग आहेत. खालचा भाग मरता मरत नाही. याच घराण्याला वाढवत वाढवत आमच्या इथे २०१६ पर्यंत, म्हणजे ब्रॉडमेडोजचा कारखाना बंद होईपर्यंत, फाल्कनमध्ये सरळ सहा सिलिंडर चालू होतं.

खोट आहे ती हेडमध्ये. इनटेक मॅनिफोल्ड हेडबरोबरच ओतलेला आहे, ओंडक्यासारखा एक नळ. तो काढून दुसरा बसवता येत नाही. त्यामुळे मोठा कार्ब्युरेटर टाकून फारसा फरक पडत नाही, श्वास कोंडलेलाच राहतो. आमच्याकडे १९७० च्या सुमारास २५० च्या इंजिनाला सुटा इनटेक असलेलं दोन बॅरलचं हेड आलं. अमेरिकेतले सहा सिलिंडरवाले ते हेड इथून मागवतात. ताकद हवीच असेल तर ही वाट आहे. महाग आहे, हे आधीच सांगतो.

पुभाप्र_पंत

वाचतोय. मामांच्या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत टाकला.

अनघा_मिडलँड्स

छान धागा. माझा अनुभव इंग्लंडचा आणि गाडी अगदी गरीब: १९६४ ची अँग्लिया १०५ई. मागची काच उलटी कललेली, तीच ती. ९९७ सीसी, ३९ अश्वशक्ती. शून्यापासून ६० मैलाला जवळपास अर्धं मिनिट घेते, त्यामुळे मोटारवेवर शिरताना देवाचं नाव घ्यावं लागतं.

बदल काय करावेत याबद्दल इथला कायदाच बरंचसं ठरवतो. ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही, लंडनच्या प्रदूषण क्षेत्राचे पैसे नाहीत, आणि २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. एमओटीच्या सवलतीला अट अशी की गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा फेरबदल झालेला नसावा. त्याच घराण्यातलं थोडं मोठं इंजिन चालतं. म्हणून अँग्लियात एस्कॉर्ट-कोर्टिनाचं १६०० क्रॉसफ्लो टाकणं ही इथली जुनी रीत आहे. तेही अँग्लियासारखंच फोर्डच्या केंट घराण्यातलं इंजिन, जवळजवळ त्याच बोल्टांवर बसतं. पण ते टाकलं तर पुढे डिस्क ब्रेक आलेच पाहिजेत. ड्रमवर १६०० चालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या मागे गाडी चालवू नये.

सूट असली तरी मी दरवर्षी एमओटी करते. तपासणारा माणूस गाडीखाली जाऊन स्क्रूड्रायव्हर टोचतो. अँग्लियाला पुढच्या स्ट्रटचा वरचा पत्रा सडतो, तो टोचल्याशिवाय कळत नाही.

पेट्रोलबद्दल एक. इथे २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालं. जुने रबरी होस, फ्युएल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटं, इथेनॉल सगळं हळूहळू फुगवतं आणि चिरतं. होस नव्या प्रतीचे घालावेत. मी सुपरमधलं ई५ भरते, गाडी वर्षाला पेट्रोल जाळते किती? हिवाळ्यात उभी ठेवताना टाकी भरलेली ठेवते, अर्धी ठेवली तर आत ओल धरते.

वाटसरू, ब्रेकबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

व्ही८_विठ्ठल

अनघाताई, ब्रेक आधी, यात माझा वाद नाहीच. पण वाटसरूंची गाडी काही दुर्मीळ नव्हे. १९६६ साली सहा लाखांवर मस्टँगा निघाल्या. के कोड असती तर एक बोल्ट बदलू नका म्हणालो असतो. टी कोडची हार्डटॉप, तीही काउल आणि फ्लोअर बदललेली, तिचं "पावित्र्य" कोणासाठी राखायचं? चालवणाऱ्याला आवडेल तसं करावं.

मामा, टी-५ तरी सहा सिलिंडरमागे बसतो की नाही? खरं सांगा.

मेलबर्नचा_मामा

बसतो. बेलहाउसिंगला अ‍ॅडॉप्टर लागतो, क्लचची जोडणी बदलावी लागते, मागचा क्रॉसमेंबर सरकवावा लागतो. पण बसतो. आणि हा एक बदल मी करायला सांगेन. वाटसरूंच्या तीन गिअरच्या डब्यात पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी सरकत असताना पहिला टाकायचा म्हणजे डबल क्लच.

पावित्र्याबद्दल, विठ्ठलराव, तुमचं अर्धं पटलं. माझा नियम: जे काढाल ते फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. कापू नका, बोल्टवर बसेल तेवढंच करा. पुढच्या सस्पेन्शनचे शॉक टॉवर कापून फोर्डचं आजकालचं कोयोटी व्ही-८ कोंबतात, ते मला बघवत नाही. चांगलं केलेलं असलं तरी.

जुनाजाणता

आमच्या वडिलांकडे गिरगावात फोर्ड प्रीफेक्ट होती. फोर्डने मुंबईत १९२६ पासून गाड्या जुळवायला घेतल्या आणि पन्नासच्या दशकात गाशा गुंडाळला, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांना फोर्ड म्हणजे आयकॉन आणि इकोस्पोर्ट.

१९५३ नंतरच्या त्या प्रीफेक्टचे वायपर विजेवर नव्हते. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे. उतारावर फडाफड, आणि चढावर थ्रॉटल पूर्ण उघडलं की व्हॅक्यूम संपला, वायपर उभा. आता जुलै महिन्यात खंडाळ्याचा घाट चढण्याची कल्पना करा. वडील दर थोड्या वेळाने पाय उचलायचे, वायपर दोन हात मारायचा, परत पाय दाबायचा. ११७२ सीसी साइड व्हॉल्व्ह आणि तीन गिअर. वर जाईपर्यंत रेडिएटर उकळलेला. तरी आम्ही दर मे महिन्यात पुण्याला आजोळी जायचो. जुलैत फक्त लग्न असेल तर.

मूळ वायपरच पाहिजेत म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांनी एकदा तो घाट पावसात चढून दाखवावा. मी असतो तर विजेचा मोटर पहिल्या दिवशी बसवला असता.

कोल्हापुरी_पाना

काका, एक नंबर.

आमच्याकडे फोर्ड म्हणजे जीप. हसू नका. दुसऱ्या महायुद्धात विलीजच्या जोडीला फोर्डनेही जीप बनवल्या, जीपीडब्ल्यू नावाने. १९४२ ते ४५, पावणेतीन लाखांवर. युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून किती तरी इथे राहिल्या. मळ्यात, साखर कारखान्यावर, ठेकेदाराकडे. पत्रा पिटून पिटून मूळचा राहिला नाही आणि बहुतेकांचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलेलं. कारण सरळ आहे, मूळ इंजिन ६० अश्वशक्तीचं आणि पेट्रोल पिणारं. शेतकऱ्याला ते कसं परवडणार? मी त्यांना नावं ठेवत नाही. डिझेल टाकलं म्हणून तर त्या जीपा चालत्या राहिल्या, नाही तर भंगारात गेल्या असत्या.

पण आता कोणी हौसेने "मूळ रूपात आणा" म्हणून गाडी आणतो, तेव्हा आधी कागद बघतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांवरची, खाजगी वापराची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात "व्हीए" येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नूतनीकरणाला ५,०००. पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर ती सवलत नाही. म्हणजे डिझेलवाली जीप त्यात बसणं कठीण. शिवाय व्हिंटेज नंबर घेतला की रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. चारदा विचार करून ठरवा.

वाटसरू साहेब, तुम्हाला प्रत्येक नट कॅटलॉगमधून घरपोच मिळतो. आम्हाला उद्यमनगरात नमुना घेऊन जायचं, ओतकाम करून घ्यायचं, लेथवर मारून घ्यायचं. ब्रेक ड्रम, बुश, पिना, सगळं होतं. पण माप घेताना झिजलेल्या भागाचं माप घेतलं की नवा भागही झिजलेल्या मापाचाच येतो. कामगाराला जुना तुकडा देऊन मोकळं होऊ नका, ड्रॉइंग द्या.

ईव्हीवाला

एवढा पैसा, एवढं पेट्रोल, एवढा धूर. एक चांगली इलेक्ट्रिक गाडी आली असती की. शास्त्र म्हणून विचारतो, नक्की काय मिळतं यातून?

जुनाजाणता

तुमच्या इलेक्ट्रिक गाडीचं बॉनेट उघडून मुलाला काय दाखवणार? उत्तर दिलंत तर पुढे बोलू.

आयकॉन_१६

काकांनी आयकॉनचं नाव असं नाक मुरडून घेतलं म्हणून लिहितोय. १९९९ ला आली, १.६ लिटरचं रोकॅम इंजिन, ९० च्या वर अश्वशक्ती आणि हजार किलोच्या आसपास वजन. त्या काळात त्या पैशात चालवायला एवढी मजा देणारी दुसरी गाडी दाखवा. माझी २००१ ची आहे. सस्पेन्शनचे बुश, स्टिअरिंग रॅक नवे, बाकी मूळ. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून तिचे बॉडी पार्ट मिळेल तिथून गोळा करतोय. हेडलाइट, बंपर, दाराचं रबर. इंजिनाचं सामान अजून सापडतं, ट्रिमचं नाही. आणखी पंचवीस वर्षांनी याच धाग्यावर तुम्ही मला आयकॉनचं डोअर हँडल कुठे मिळेल विचाराल.

क्लासिक म्हणायची की नाही ते तुम्ही ठरवा.

अनघा_मिडलँड्स

नक्कीच म्हणायची. इथे एस्कॉर्ट मार्क १ लोक नव्वदच्या दशकात कवडीमोलाने काढून टाकत होते, रॅलीवाल्यांनी कापून कापून संपवल्या. आज धड बॉडीची किंमत ऐकून गरगरतं. ट्रिम गोळा करताय ते उत्तम.

वूडवर्डचा_वाटसरू

मामा, दंडवत!

१९६८ नंतरचा डिस्ट्रिब्युटर मिळाला, बसवला, टायमिंग लाइट लावून जमवलं. खोकणं बंद. तीच गाडी, तेच इंजिन, पण आता दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की सरळ उचलते. आधीच्या मालकाने याच दुखण्यामुळे गाडी विकली असणार असा माझा संशय आहे.

आता बाकीचं ठरलं ते सांगतो. इंजिन राहणार. ब्रेकला १९६७ च्या धर्तीचा दोन भागांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क. मूळ चार बोल्टच्या स्पिंडलवर बसणारे ब्रॅकेट मिळतात, त्यामुळे चाकं बदलायला नकोत. मास्टर सिलिंडर डिस्कला चालणाराच घ्यायचा. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये दाब धरून ठेवणारी झडप असते, ती डिस्कच्या लाइनवर राहिली तर पॅड घासतच राहतात. मागच्या ड्रमकडे जाणाऱ्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, नाही तर जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. पुढे तीन टोकांचे पट्टे, छताच्या कडेला आतून जाड पट्टी वेल्ड करून. डिकी आणि सीटमध्ये पोलादी पत्रा. टी-५ पुढच्या हिवाळ्यात, बायकोने गॅरेजमधली जागा परत मागितली नाही तर.

ईव्हीवाले, रोज ऑफिसला मी इलेक्ट्रिक गाडीनेच जातो. ही रविवारची. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वूडवर्ड रस्त्यावर वूडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा असते. १९९५ साली फर्नडेलमध्ये मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू झाली. आता फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत रस्ताभर जुन्या गाड्या असतात. लोक घडीच्या खुर्च्या टाकून फुटपाथवर बसतात. गेल्या वर्षी मी खुर्चीवाल्यांत होतो. शेजारी एक आजोबा बसले होते, डिअरबॉर्नच्या कारखान्यात लाइनवर काम केलेले. प्रत्येक गाडी जाताना तिचा कुठला नट कसायला त्रास व्हायचा ते सांगत होते. ईव्हीवाले, काय मिळतं विचारलंत ना? मला तरी हे मिळालं.

कोणी त्या सुमारास डेट्रॉइटकडे येणार असाल तर कळवा. पिकेट अ‍ॅव्हेन्यूचा जुना कारखाना बघायला नेतो. १९०८ साली मॉडेल टी तिथे जन्मली, ती इमारत लाकडी जमिनीसकट उभी आहे.

व्ही८_विठ्ठल

येतो. फास्टबॅक घेऊन येत नाही, ह्यूस्टनहून लांब पडतं. तुमच्या शेजारच्या सीटवर बसेन. शिवणयंत्र शब्द मागे घेत नाही, पण कॉफी माझ्याकडून.

पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा).

नवखा_सातारकर

धागा वर काढतोय, माफ करा. कोल्हापुरी दादा, इथे एक जण "अस्सल फोर्ड जीपीडब्ल्यू" म्हणून जीप विकतोय. बोल्टांवर "एफ" कोरलेला दाखवला. तेवढ्यावर विश्वास ठेवू का?

कोल्हापुरी_पाना

नको. फोर्ड आपल्या बोल्टांवर आणि तुकड्यांवर एफ मारायची हे खरं, पण विलीजचे आणि फोर्डचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत ही लष्कराचीच अट होती. लष्कराच्या वर्कशॉपमध्येच सरमिसळ झाली. दहा एफ-बोल्ट तर विलीजवरही सापडतील. बॉडीवरही जाऊ नकोस, आपल्याकडे ती तीनदा बदललेली असते.

चॅसिस बघ. पुढे रेडिएटरच्या खाली आडवा क्रॉसमेंबर असतो. विलीजला तो गोल पाइपचा, फोर्डला उलट्या यू आकाराच्या पट्टीचा. तो कोणी सहसा बदलत नाही. मग डाव्या चॅसिस रेलवर, पुढच्या बाजूला, वरून रंग खरवडून नंबर शोध. जीपीडब्ल्यू अक्षरांनी सुरू व्हायला हवा. विकणारा खरवडू देत नसेल तर तिथूनच परत ये. इंजिनावरचा नंबर वेगळा निघाला तर घाबरू नकोस, इंजिनं बदलली जायचीच, पण आरसी बुकावर कुठला नंबर आहे ते जुळवून बघ. ते जुळलं नाही तर पुढे आरटीओत अडकशील.

क्रॉसमेंबरचा आणि नंबराचा फोटो इथे टाक. बयाणा त्यानंतर.